पाणी नेमकं अडतं कुठे? रेडिएटरचे आट्यांचे सांधे पुन्हा जोडताना

भिंती रंगवायच्या होत्या, त्यासाठी घर गरम ठेवणारे, गरम पाण्याचे रेडिएटर उतरवावे लागणार होते, आणि उतरवायचेच आहेत तर त्यांचे सगळे सांधे एकदा मुळापासून नीट करून घ्यायचे असं मी ठरवलं. कारणही तसंच होतं. बॉयलरच्या दाबमापकाचा काटा सबंध हिवाळा हळूहळू खाली येत होता. पाणी भरून तो वर आणायचा, थोड्या दिवसांनी तो पुन्हा खाली. जमिनीवर मात्र कुठे थेंब दिसत नव्हता. रेडिएटर ज्याने बसवले होते त्याने नटानटावर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली होती. तिची पांढरी लक्तरं नटांच्या कडेने बाहेर आली होती. इतकी टेप असूनही पाणी जातं कुठून, हे मला समजून घ्यायचं होतं. म्हणून नुसतं काम करून न घेता मी स्वतः हाताने करायचं ठरवलं, आणि शिकवायला एक जुने फिटर काका तयार झाले.

काकांनी आल्याआल्या पाना हातात घेतलाच नाही. आधी बॉयलरचा दाब पाहिला, विस्तार टाकीतली हवा मोजली, सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीचं तोंड कोरडं आहे का ते बोट लावून बघितलं. दाब उतरण्याचं खापर दरवेळी सांध्यावर फोडता येत नाही. थंड असताना बंद हीटिंग यंत्रणेत साधारण १ ते १.५ बार दाब ठेवतात. पाणी १० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापलं की सुमारे ३ टक्के फुगतं, आणि हा फुगवटा पोटात घ्यायला ती टाकी असते. टाकीतली हवा गेली असेल तर तापल्यावर दाब ३ बारपर्यंत चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून थोडं पाणी बाहेर टाकतो, आणि थंड झाल्यावर काटा खाली दिसतो. अशा घरात सांधे कितीही आवळले तरी काही होत नाही. आमच्याकडे टाकी ठीक होती, नळी कोरडी होती. तेव्हा सांधे तपासणं आलं.

"ताई, कोरडे टिश्यू आणा," काका म्हणाले. प्रत्येक सांधा फडक्याने पुसून त्याच्याभोवती टिश्यूची एक पट्टी सैल गुंडाळायची. यंत्रणा तापवायची, मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्यायची आणि तेव्हा पट्ट्या बघायच्या. ओली पट्टी सापडली की लगेच तोच सांधा दोषी ठरवायचा नाही, कारण पाणी खाली ओघळतं. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. आमच्या एका रेडिएटरखालचा नट कायम ओला असायचा. पट्टी लावल्यावर कळलं की पाणी वरून, व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या ग्लँडमधून (दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या भरावातून) येत होतं आणि नटावर जमत होतं. त्या नटावर आधी कुणीतरी जोर काढल्याच्या खुणा होत्या. नट बिचारा निर्दोष होता. ग्लँडचा छोटा नट सोडून दांड्याभोवती टेफ्लॉनचा पीळ दिला, नट बेताने आवळला, आणि तो प्रश्न तिथेच संपला.

थेंब का दिसत नाही याचं उत्तरही या तपासणीत मिळालं. गळती अगदी बारीक असेल तर गरम पितळावर पाणी बाहेर येता येताच वाळून जातं. मागे राहतात ते क्षार. पितळेच्या सांध्यावर पांढुरका किंवा हिरवट थर, रंगावर काळसर ओघळ, नटाच्या खाचेत खरखरीत पापुद्रा. आमच्या बहुतेक व्हॉल्व्हवर हे होतं आणि मी ते वर्षानुवर्षं धूळ म्हणून पुसत आले होते. आणि ही नुसती पाण्याची नासाडी नव्हे. कमी झालेलं पाणी आपण नळातून भरतो, त्या ताज्या पाण्याबरोबर विरघळलेला प्राणवायू आत जातो आणि रेडिएटरचं पोलाद आतून गंजायला लागतं. त्या गंजाचा काळा गाळ रेडिएटरच्या तळाशी साचतो, शिवाय पाण्यातलं गंजरोधक रसायन पातळ होत जातं. वरच्या कोपऱ्यात सारखी "हवा" धरते तीही पुष्कळदा हवा नसते, गंजण्यातून निघालेला हायड्रोजन असतो. म्हणून हवा काढताना जवळ ज्योत नको, हे काकांनी बजावून सांगितलं.

मग त्यांनी एक व्हॉल्व्ह सोडवून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "यात पाणी कुठे अडतं, सांगा."

मी आट्यांकडे बोट दाखवलं. त्या व्हॉल्व्हला आटे तीन ठिकाणी होते. भिंतीकडून येणारा तांब्याचा पाइप जिथे शिरतो तिथला नट, व्हॉल्व्ह आणि रेडिएटर यांना जोडणारा युनियनचा नट, आणि रेडिएटरच्या तोंडात आत जाणारा पितळी तुकडा, ज्याला फिटर लोक टेल म्हणतात. या तिघांत पाणी आट्यांवर अडतं ते फक्त टेलच्या जागी. पाइपच्या नटाखाली पितळेची किंवा तांब्याची एक कडी असते, ऑलिव्ह. नट आवळला की ती पाइपवर दाबली जाते आणि व्हॉल्व्हच्या तिरप्या बैठकीत बसते. पाणी अडवते ती कडी. युनियनमध्ये टेलचं गोलसर किंवा निमुळतं तोंड व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकतं, धातूवर धातू, किंवा मध्ये वॉशर असतो. दोन्ही ठिकाणी नटाचे आटे नुसते ओढून धरायचं काम करतात. त्यांच्यापर्यंत पाणी पोचलंच नाही पाहिजे.

हे एवढं समजल्यावर आमच्या घरातल्या पांढऱ्या लक्तरांचा अर्थ लागला. टेप युनियनच्या आट्यांवर होती, ऑलिव्हच्या नटावर होती, म्हणजे जिथे तिचा काही उपयोग नाही तिथे. उपयोग नाही एवढंच नव्हे, तिथे ती त्रास देते. टेपमुळे नट जड फिरतो, आपल्याला वाटतं घट्ट बसला, आणि आतली दोन तोंडं एकमेकांवर पुरती टेकलेलीच नसतात. टेपचा एखादा तुकडा तोंडांच्या मध्ये अडकला तर गळती ठरलेलीच. आणि जिथे टेप खरोखर हवी होती, त्या टेलवर, ती जेमतेम एक-दोन वेढे होती. माझ्या मते रेडिएटरच्या गळतीतलं निम्मं ज्ञान या एका प्रश्नात आहे: इथे पाणी नेमकं अडतं कुठे? उत्तर मिळाल्याशिवाय टेपच्या रिळाला हात लावू नये.

उतरवण्याचं काम फारसं अवघड नाही, पण दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. लॉकशील्ड व्हॉल्व्ह, म्हणजे त्या रेडिएटरला किती पाणी मिळायचं ते ठरवणारा टोपणाखालचा व्हॉल्व्ह, बंद करताना किती फेरे फिरवले ते मोजून लिहून ठेवायचे, म्हणजे परत उघडताना रेडिएटरांमधलं पाण्याचं वाटप बिघडत नाही. दुसरी गोष्ट थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची. त्याची मूठ सगळ्यात कमी खुणेवर नेली म्हणजे तो बंद झाला असं नाही. ती खूण गोठण्यापासून बचावाची असते, आणि खोली साधारण ७ अंशांपर्यंत थंड झाली की तो आपोआप उघडतो. रंग वाळावा म्हणून रात्रभर खिडक्या उघड्या ठेवल्या, रेडिएटर भिंतीवर नाही, आणि व्हॉल्व्ह उघडला तर घरात काय होईल ते सांगायला नको. मूठ काढून तिथे हाताने आवळायचं टोपण लावायचं आणि व्हॉल्व्हचं मोकळं तोंड प्लगने बंद करायचं. रेडिएटर उचलताना त्याची तोंडंही बंद करून घ्यावीत. आतलं काळं पाणी कापडावर पडलं तर तो डाग जात नाही.

आता टेल. इथे मी सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि द्यायलाच हवा.

रेडिएटरच्या तोंडाला बहुधा अर्ध्या इंचाचे ब्रिटिश पाइप आटे असतात. हा अर्धा इंच मोजून कुठेच सापडत नाही. टेलच्या आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर, इंचाला १४ आटे, आणि आट्याचा कोन ५५ अंश. हा कोन जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या आट्याचा. अमेरिकी पाइप आटा याच मापात इंचाला १४ आट्यांचाच असतो, पण त्याचा कोन ६० अंशांचा आणि व्यास किंचित जास्त. म्हणून दोन्ही एकमेकांत दोन-तीन फेरे सहज जातात आणि मग अडतात. जोर लावला तर आणखी थोडे जातात, वाटतं घट्ट झालं, आणि तो सांधा कधीच कोरडा राहत नाही. सुटा व्हॉल्व्ह आणताना ही एक गोष्ट आधी बघून घ्यावी.

आटे बरोबर जुळले तरी ते पाणी अडवत नाहीत. नर आट्याचं टोक आणि मादी आट्याची खाच यांत बारीक पोकळी राहतेच, आणि ती सगळ्या आट्यांतून सलग जाते, मळसूत्री जिन्यासारखी. हिशेब केला तर एका वेढ्याचा घेर सुमारे ६२ मिलिमीटर; सहा आटे आत गेले असतील तर ही वाट जवळजवळ ३७ सेंटीमीटर लांब होते. दाबाखालचं गरम पाणी ती वाट निवांत चालून बाहेर येतं. आपण टेप किंवा सूत लावतो ते ही वाट बुजवायला.

यात आणखी एक बारकावा आहे. आटे दोन प्रकारचे असतात, निमुळते आणि सरळ. निमुळता नर आटा १६ ला १ या प्रमाणात पुढे बारीक होत जातो, त्यामुळे आत जाता जाता तो पाचरीसारखा गच्च बसतो आणि भरलेली टेप दाबली जाते. पण रेडिएटरचं तोंड बहुधा सरळ आट्यांचं असतं, आणि काही टेलही सरळ आट्यांच्या निघतात. सरळ आट्यात सरळ आटा म्हणजे आवळण्यासारखं काहीच नाही. सगळी भिस्त भरण्यावर. हे ओळखायला सोपं आहे. कोरडी टेल हाताने रेडिएटरात फिरवून बघायची. निमुळती टेल तीन-चार फेऱ्यांनंतर अडते. सरळ टेल बोटांनीच शेवटपर्यंत जाते आणि थोडी डुलते. आमच्या चकचकीत मुलामा दिलेल्या सगळ्या टेल डुलणाऱ्या होत्या. त्यांच्यावरची एक-दोन वेढ्यांची टेप पाण्याला अडवणार तरी कशी?

आधी साफसफाई. टेल आणि रेडिएटरच्या तोंडातली जुनी टेप, जुनी पेस्ट, क्षार, सगळं काढायचं. नर आट्यांना तारेचा ब्रश चालतो. मादी आट्यांतून जुनी टेप टोकदार हुकाने ओढून काढावी लागते, आणि ती शेवटच्या आट्यापर्यंत निघाली की नाही हे टॉर्च लावून बघावं लागतं. नवीन रेडिएटरच्या तोंडात रंगाचे थेंब वाळलेले असतात, तेही खरवडायचे. मग आटे स्पिरिटने पुसून कोरडे करायचे, कारण तेलकट आट्यावर टेप किंवा सूत पकड घेत नाही.

यानंतर काकांनी जे केलं ते पाहून मला आधी धसका बसला. नव्याकोऱ्या, गुळगुळीत टेलचे आटे त्यांनी करवतीच्या पात्याने आडवे ओरबाडले, प्रत्येक आट्याच्या माथ्यावर बारीक बारीक चरे पाडले. कारण साधं आहे. गुळगुळीत आट्यावर सूत किंवा टेप टेलबरोबर आत जात नाही, ती मागे सरकत सरकत तोंडाशी गोळा होते आणि आतले आटे उघडे राहतात. तोंडाशी जमलेला तो गोळा बाहेरून पाहिला तर सांधा छान भरलेला वाटतो. चरे पाडलेल्या आट्यांवर मात्र तंतू धरून राहतात. काही टेलवर हे चरे कारखान्यातूनच पाडलेले येतात. तशा मिळाल्या तर त्याच घ्याव्यात.

टेप गुंडाळण्याची दिशा चुकली तर बाकी सगळं वाया. टेलचं आत जाणारं टोक आपल्याकडे करून धरायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचं, म्हणजे टेल आत फिरताना टेप आवळत जाते, उलगडत नाही. टोकाचा पहिला आटा मोकळा सोडायचा. तिथली टेप तुटून पाण्यात जाते आणि व्हॉल्व्हच्या तोंडात जाऊन बसते. टेप ओढून, ताणून, आट्यांचा आकार तिच्यावर उमटेल इतकी घट्ट लावायची, आणि प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवायचा. किती वेढे, याला एकच उत्तर नाही. साधी पांढरी टेप साधारण ०.०७५ मिलिमीटर जाड असते. निमुळत्या, चांगल्या बसणाऱ्या टेलला चार-पाच वेढे पुरतात. डुलणाऱ्या सरळ टेलला दहा-पंधरा लागू शकतात. खरी कसोटी हाताला कळते. टेल हाताने एक-दोन फेरे जावी आणि मग पाना लागावा. शेवटपर्यंत हातानेच गेली तर बाहेर काढून, सगळी टेप काढून, नव्याने जास्त गुंडाळायची. सुरुवातच होत नसेल तर टेप जास्त झाली.

डुलणाऱ्या टेलसाठी काकांचा कौल सुताला होता, आणि दोन्ही वापरून पाहिल्यावर माझाही आहे. प्लंबिंगचं सूत म्हणजे जवसाचे किंवा भांगेच्या झाडाचे लांब तंतू. एक बारीक बट घ्यायची, ती विंचरून मोकळी करायची, टोकाकडून सुरुवात करून आट्यांच्या खाचेत बसेल अशी त्याच दिशेने पीळ देत गुंडाळायची, आणि वरून सांध्याची पेस्ट बोटाने चोळून तंतूंत मुरवायची. पेस्टशिवाय सूत लावू नये. सुताचे दोन मोठे गुण आहेत. ओलं झालं की ते फुगतं, म्हणजे बारीकसारीक जागा आपणच भरून काढतं. आणि टेल योग्य कोनात आणायला थोडी मागे फिरवावी लागली तरी सूत ते सहन करतं. टेप तसं करत नाही. टेप लावलेला सांधा किंचितही मागे फिरवला की आत दाबून बसलेला थर तुटतो आणि पाण्याला वाट मिळते. मग सोडून, पुसून, पुन्हा गुंडाळण्याशिवाय इलाज नाही. सुताचा दोष एवढाच की ते लावायला हात बसावा लागतो. जास्त भरलं तर बिडाच्या किंवा पितळेच्या नाजूक मादी भागाला तडाही जाऊ शकतो.

हवेशिवाय घट्ट होणारं द्रवही या कामासाठी मिळतं. धातूच्या आट्यांत हवेचा संपर्क तुटला की ते आत गोठतं. काम उत्तम करतं, पण आटे अगदी स्वच्छ हवेत, थंडीत गोठायला वेळ लागतो, आणि पुढे सोडवायचं म्हटलं तर सांधा तापवावा लागतो. दर काही वर्षांनी रंगासाठी रेडिएटर उतरवणाऱ्या घरात मी ते वापरणार नाही.

टेल फिरवायला आतून षटकोनी पायऱ्यांची किल्ली लागते. इथे माप काटेकोर हवं. १२ मिलिमीटरची आणि अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची, या डोळ्यांना सारख्याच दिसतात; लहान किल्ली मोठ्या खाचेत फिरली की कडा गोल होतात आणि मग टेल ना आत जाते ना बाहेर येते. सुरुवातीचे आटे वाकडे चढू नयेत म्हणून एक युक्ती फार कामाची: टेल आधी उलटी फिरवायची, आटा आट्यात पडल्याचा बारीक टक् असा झटका जाणवतो, आणि तिथून सुलटी सुरू करायची.

सगळेच प्लग टेपचे नसतात. हवा काढायचा प्लग आणि बंद टोकाचा प्लग यांच्या मानेत रबराची ओ-रिंग असेल तर पाणी त्या रिंगवर अडतं, आट्यावर नाही. तिथे टेप लावली तर प्लगची मान तोंडावर टेकतच नाही. रिंग आणि तिची बैठक पुसायची, बैठकीवर रंगाचा पापुद्रा असेल तर काढायचा, रिंग चपटी किंवा कडक झाली असेल तर बदलायची, आणि बेताने आवळायचं. अ‍ॅल्युमिनियमच्या कप्प्याकप्प्यांच्या रेडिएटरांतही हेच. त्यांच्या एक इंची तोंडात अर्ध्या इंचाची बुशिंग बसते, तिच्याखाली सिलिकॉनची गॅस्केट असते, आणि एका बाजूच्या बुशिंगला उलटे आटे असतात. हे माहीत नसलेला माणूस ती बुशिंग सोडतो आहे असं समजून जीव खाऊन आवळत बसतो.

रेडिएटर भिंतीवर चढवल्यावर काकांनी मला एक परीक्षा घ्यायला लावली. युनियनचा नट बोटांनी फिरवायचा, पान्याशिवाय. व्हॉल्व्ह आणि टेल समोरासमोर, एका रेषेत असतील तर तो बोटांनीच जवळजवळ शेवटपर्यंत जातो. अडला, तर नटाला दोष न देता कंस सैल करून रेडिएटर सरकवायचा. पान्याने पाइप ओढून जुळवलेला सांधा त्या दिवशी गळत नाही. पण पाइप रोज तापतो, निवतो. तीन मीटर तांब्याचा पाइप ६० अंशांनी तापला तर सुमारे ३ मिलिमीटर लांबतो. आधीच ताणाखाली असलेल्या सांध्याला हा रोजचा हिसका बसत राहतो आणि एका हिवाळ्यात तो पाझरायला लागतो. पाइप जमिनीतून किंवा भिंतीतून येतो तिथेही त्याला हलायला थोडी जागा हवी.

युनियनची दोन्ही तोंडं कोरड्या सुती कापडाने पुसली, नखाने ओरखडे चाचपले, आणि तोंडांवर सिलिकॉन ग्रीसचं नुसतं बोट फिरवलं. आटे कोरडे ठेवले. आवळताना पाने नेहमी दोन: एक व्हॉल्व्हचं अंग धरायला, दुसरा नट फिरवायला. एकाच पान्याने आवळलं तर सगळा पीळ खालच्या ऑलिव्हवर जातो आणि एक सांधा सुधारताना दुसरा बिघडतो. ऑलिव्हचे सांधे आम्ही उगाच सोडले नाहीत. जिथे सोडावेच लागले तिथे पाइपवरची जुनी कडी तशीच ठेवून, कडीवर पेस्टचा पातळ हात दिला आणि नट हाताने बसवून पान्याने आधी होता तिथपर्यंत नेला आणि त्यापुढे किंचितच आवळला. त्याहून जास्त आवळलं की पाइप दबतो आणि कडीला धरायला काही उरत नाही.

पाणी भरणं हा माझ्या मते कामाचाच भाग आहे, कामानंतरची गोष्ट नाही. आम्ही हळू भरलं, खालून वर एकेका रेडिएटरची हवा काढली, १ बारवर थांबून प्रत्येक सांध्यावर कोरडं टिश्यू फिरवलं, मग १.५ बारला नेऊन तसंच ठेवलं. थंड असतानाच. बऱ्याच जणांना वाटतं गळती गरम झाल्यावर दिसेल. उलट पितळी टेल आणि पोलादी रेडिएटर असा जोड तापल्यावर घट्ट होतो, कारण पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं. अर्ध्या इंचाच्या आट्यावर ५० अंशांच्या फरकाने हा फरक सुमारे ७ मायक्रॉनचा. ऐकायला काहीच नाही, पण बारीक पाझर थांबायला पुरतो. निवला की टेल पुन्हा आखडते आणि पाझर सुरू होतो. आमचा काटा दिवसा स्थिर आणि पहाटे खाली का असायचा, त्याचं हे उत्तर. म्हणून तपासणीचा क्रम थंड, मग पूर्ण गरम, मग रात्रभर बंद ठेवून पुन्हा थंड असा ठेवला. गरम असताना कुठलाही नट आवळला नाही.

एका टेलवर दुसऱ्या थंड तपासणीत टिश्यूचा कोपरा ओला झाला. युनियन सोडल्याशिवाय टेल फिरत नाही, तेव्हा व्हॉल्व्ह बंद करून, पाणी भांड्यात उतरवून ती बाहेर काढली. टेप तोंडाशी गोळा झाली होती. त्या टेलचे चरे काठापर्यंत पडलेच नव्हते. पात्याने पुन्हा चरे पाडून तिथे सूत आणि पेस्ट लावली, आणि टिश्यू कोरडा राहिला. यंत्रणेत ओतायचं गळती-बंद द्रव घाला, असा सल्ला मला या काळात कितीतरी जणांनी दिला. मी तो मानला नाही. आट्याचा सांधा हाताला येतो, सोडता येतो, नीट करता येतो. त्यासाठी बॉयलरच्या बारीक वाटांतून आणि आपोआप हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून चिकट द्रव फिरवण्याची जोखीम मला पटत नाही.

शेवटी लॉकशील्ड व्हॉल्व्ह लिहून ठेवलेल्या फेऱ्यांइतके उघडले आणि गेलेल्या पाण्याच्या हिशेबाने गंजरोधक रसायन नव्याने भरलं. भरायची नळी बंद करून काढून ठेवली, म्हणजे काटा खाली आला तर नकळत पाणी घालून तो झाकला जाणार नाही. सूत लावलेल्या प्रत्येक टेलच्या मागे, रेडिएटरच्या पाठीवर, काकांनी मार्करने "सूत" असं लिहायला सांगितलं. रेडिएटर फार दिवस कोरडा राहिला तर तंतू सुकून आकसतात, तेव्हा पुढच्या रंगकामात हे रेडिएटर उतरवले की पाणी परत भरण्याआधी त्या टेल सोडून सूत नव्याने लावायचं आहे.